चौथी ओळ

"बाई, वळ खाली चाललीया," केराबाई म्हणाल्या.

मी स्टुलावरून मागं वाकून पाहिलं. खरंच, फळ्यावरच्या तिसऱ्या ओळीचा शेवट दोन बोटं उतरला होता. मी रामनांच्या ओळीचं टोक पुसलं आणि पुन्हा लिहिलं. केराबाईंनी स्टूल दोन्ही हातांनी धरलं होतं. त्याचा एक पाय आखूड होता आणि तो दुरुस्त करून मिळावा म्हणून मी दोनदा अर्ज दिला होता.

१९८५ सालच्या नोव्हेंबरची सहा तारीख होती. जत तालुक्याच्या कडेला, कर्नाटकाच्या हद्दीपासून दीड कोसावर आमची शाळा. तिथं विज्ञान शिकवायला लागून मला दोन वर्षं होत आली होती. केराबाई ऐवळे शाळेच्या शिपाई. पहाटे येऊन कुलपं काढायची, झाडलोट करायची, घंटा द्यायची आणि मी फळा लिहिताना स्टूल धरायचं, ही त्यांची कामं. शेवटचं काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

फळा व्हरांड्यात होता, नव्या प्रयोगशाळेच्या दाराशेजारी. वरच्या पट्टीवर पांढऱ्या तेलरंगात कायमचं लिहिलेलं होतं: 'आजच्या दिवशी जन्मलेले थोर'. खाली रोजची नावं. ती लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण तारखा मी तपासून लिहिते अशी माझी ख्याती झाली होती. प्रार्थनेआधी सगळ्या मुलांनी फळ्यावरचं जसंच्या तसं दिनविशेषाच्या वहीत उतरवायचं, असा शाळेचा दंडक. वह्या मुख्याध्यापक स्वतः तपासत आणि सही करत. ज्याची वही कोरी, तो दिवसभर उभा.

दुसऱ्या दिवसासाठी मला तीन नावं सापडली होती. मादाम क्यूरी, १८६७, रेडियमचा शोध. लिझे माइटनर, १८७८, अणुकेंद्र फुटतं कसं याचा उलगडा. सी. व्ही. रामन, १८८८, प्रकाशाच्या विकिरणाचा शोध. तिघंही सात नोव्हेंबरचे.

"ही मधली बाई कोण?" केराबाईंनी विचारलं. त्या दोन यत्ता शिकलेल्या होत्या. जोडाक्षर आलं की थांबत, पण सोडून देत नसत.

"जर्मनीत काम करायची. अणूचा गाभा फुटतो म्हणजे नेमकं काय होतं, ते हिनं सांगितलं. बक्षीस मात्र बरोबर काम करणाऱ्या माणसाला मिळालं."

"मग त्यात नवं काय," केराबाई म्हणाल्या. "आन् ह्ये कंसात?"

"तिच्या जन्माची सरकारी नोंद सतरा तारखेची आहे. पण ती जन्मभर सात सांगायची. तेच लिहिलंय."

केराबाईंनी बोट पुढं करून हळूहळू वाचलं. "नोंद सतराची... त्या स्वतः मात्र... सात सांगत." मग त्या माझ्याकडं वळल्या. "ह्ये लिवलंय ते ऱ्हाऊ देनार हाय न्हवं?"

"का नाही राहू देणार? बरोबर आहे ते."

"बराबर हाय म्हणूनच इचारलं."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. केराबाईंचं निम्मं बोलणं मला उशिरा कळायचं.

तेवढ्यात मुख्याध्यापक कुंभोजकर सर हातात पत्रिका घेऊन आले. उंच, किडकिडीत माणूस. अक्षर असं की गावातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेवरची नावं तेच घालत.

"यमगरबाई, एक नाव राहिलं."

"कोणाचं, सर? पुस्तकात तिघंच मिळाले."

"पुस्तकात नसेल. पत्रिकेत आहे." त्यांनी ती माझ्यापुढं धरली. प्रयोगशाळेच्या उद्घाटनाची ती पत्रिका होती आणि मधोमध छापलं होतं: मादाम क्यूरी व सर सी. व्ही. रामन यांच्याच शुभदिनी जन्मलेले आमचे संस्थापक-अध्यक्ष मा. भाऊसाहेब निकम.

"सर, फळ्यावर मी ज्याला आधार आहे तेवढंच लिहिते."

"आधार." सर हसले. "बाई, हा फळा ज्या भिंतीवर आहे, तिला आधार कुणाचा आहे?"

सरांनी माझ्या हातातला खडू घेतला. त्यांना स्टूल लागलं नाही. रामनांच्या खाली त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: '४. मा. भाऊसाहेब निकम, शाळा काढली.' मग मागं सरून बघितलं, हात झटकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "उद्या पाच वाजता संस्थेची सभा आहे. तुम्हाला कायम करायचा ठराव तिसऱ्या क्रमांकावर घेतलाय. शिफारस मी लिहिलीय, चांगली लिहिलीय. एवढा एक दिवस नीट जाऊ द्या."

तो ठराव झाला नाही तर माझी दोन वर्षं तिथंच संपणार होती. मला नोकरीपेक्षा शेजारच्या खोलीची धास्ती जास्त होती. मी आले तेव्हा ती खोली म्हणजे मोडक्या बाकांची अडगळ होती. विज्ञान शाळेत चित्रावर शिकवायचे. दोन वर्षांत मी तिथं ओटे करून घेतले, सांगलीहून खोकी आणवली, पेंढ्यातून एकेक परीक्षानळी काढून पुसली. एकशे चौदा बाटल्यांवर चिठ्ठ्या माझ्या हातच्या. तराजूची पातळी साधायला मला तीन रविवार लागले होते. उद्या त्या दारावरची फीत कापली जाणार होती आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर तिथं पहिला तास मी घेणार होते.

सकाळी सव्वादहाला पोरं पटांगणात रांगा करून बसली, वह्या मांडीवर घेऊन. रोज या वेळी नुसता पेन्सिलींचा आवाज असे. त्या दिवशी दहावीच्या रांगेतून हसू आलं, मग नववीतून. मी जवळ गेले.

"काय झालं?"

जयमाला कोरे नावाची दहावीतली मुलगी उभी राहिली. हुशार, आणि तोंडाळ. "काही नाही बाई. चौथ्या नावापुढं कंस राहिलाय. त्यात एक जून लिहू का?"

आता सगळी रांग हसली. मला काहीच कळलं नाही. "फळ्यावर आहे तेवढंच लिही," मी म्हणाले, आणि तेवढ्यात सरांनी मला ऑफिसच्या दारातून हाक मारली.

सरांचा चेहरा पडला होता. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"काय, सर?"

"ते नोंदीचं. तारीख एक, सांगायची दुसरी."

"वाचलं मी."

"वाचलं? कुठं?"

"सांगलीच्या वाचनालयात."

"सांगलीपर्यंत गेलंय हे?" सर खुर्चीत बसले. "छापून आलंय?"

"केव्हाचंच, सर. इंग्रजीत आहे."

सरांनी डोळे मिटले. ते कशाबद्दल बोलताहेत हे मला समजायला, आणि मी कशाबद्दल बोलतेय हे त्यांना समजायला, आणखी चार वाक्यं जावी लागली. मग त्यांनी दार लोटून मला सांगितलं. भाऊसाहेबांची गावच्या प्राथमिक शाळेतली नोंद एक जूनची होती. त्या गावात त्या पिढीतल्या जवळपास सगळ्यांचीच होती. पोराला शाळेत आणलं, आईबापाला तारीख सांगता आली नाही, की गुरुजी जूनची एक टाकायचे. शाळा जूनमध्ये सुरू, वय सहा पूर्ण, काम झालं. भाऊसाहेबांनी मात्र चार वर्षांमागं सात नोव्हेंबर धरली. मागच्या निवडणुकीत विरोधकांनी गावभर भिंती रंगवल्या होत्या: नोंद जूनची, हार नोव्हेंबरचा.

"आणि काल माझ्याही ध्यानात आलं नाही, तुम्ही त्यांच्या नावाच्या दोन ओळी वर लिहिता, नोंद सतराची, त्या स्वतः मात्र सात सांगत."

"सर, मला यातलं काही माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं ना? झालं तर मग." त्यांनी टेबलावरचं डस्टर माझ्याकडं सरकवलं. "कंस पुसा. प्रश्न मिटला."

मी डस्टर उचललं नाही. "त्यात चूक काय आहे, सर?"

"चूक नाही."

"मग कशासाठी पुसायचं?"

"बाई, माइटनरबाई काही इथं तक्रार करायला येणार नाहीत."

"म्हणूनच, सर."

दोन वर्षांत मी त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. मग ते उठले, व्हरांड्यात गेले आणि खिशातल्या रुमालानं कंस पुसला. तेवढा भाग राखाडी झाला. फाटकाशी जीप वाजली, तसे ते रुमाल कोंबत तिकडं धावले.

मी फळ्यापाशी उभी होते. केराबाई कोपऱ्यातून स्टूल घेऊन आल्या. आखूड पायाखाली खापरीचा तुकडा सारला.

"तुमालाबी म्हाईत होतं?" मी विचारलं. मला कधी कधी त्यांच्यासारखं बोलावंसं वाटे, पण नीट जमत नसे.

"म्हाईत म्हंजे? आमी एकाच दिशी नाव घातलं की शाळंत. भाऊ निकम आत पाटावर, म्या उंबऱ्याभायेर पायरीवर. पानी येगळं, पाटी येगळी. तारीख तेवढी गुर्जींनी इटाळ न धरता वाटली. दोघास्नी एक जून." त्या स्टूल हलवून बघत होत्या. "त्येंच्या आईला म्या इचारलं हुतं एकदा. ती सुगी म्हनायची. ही नोव्हेंबर भाऊनं आपली आपण काढली. कुनीतर सांगितलं, त्या दिशी लई मोठी मानसं जल्मली. घ्या, चढा. पाय धरते म्या."

मी चढले आणि कंस पुन्हा लिहिला. आधीपेक्षा अक्षर मोठं आलं. मुद्दाम नव्हे, घाईत.

हार, फेटे, पाहुणे, शिक्षक असा घोळका व्हरांड्यात आला तेव्हा मी दाराशी फीत आणि कात्रीचं तबक धरून उभी होते. भाऊसाहेब निकम पुढं होते. साठीला टेकलेला, रुंद खांद्यांचा माणूस, पांढरा सदरा, कपाळाला ओलं कुंकू. ते फितीकडं जाता जाता फळ्यापाशी थांबले. आपलं नाव वाचलं, मान डोलावली, आणि नजर वर गेली.

मागचे लोकही फळ्याकडं बघू लागले. पटांगणातली पोरंही.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," मी म्हणाले.

"कुणावर?"

"लिझे माइटनर यांच्यावर."

मागं कुणाला तरी खोकला आला. भाऊसाहेबांनी मान वळवली, तसा तो थांबला.

"बाई, मी अडाणी माणूस. मला एवढं सांगा, ह्या तुमच्या बाईची खरी तारीख कुठली?"

"ते आता सांगता येत नाही. नोंद करणारा चुकला असेल. किंवा घरच्यांनी वेगळी सांगितली असेल. तिनं स्वतः सात मानली."

"मग सात लिहा की. कंस कशाला?"

"एकच लिहिलं तर दुसरी कधी नव्हतीच असं होतं."

"आणि दोन लिहिल्या तर?"

"तर वाचणाऱ्याला कळतं की नोंद कुणीतरी केलेली असते."

मी हे सावकाश बोलले, वर्गात बोलते तसं. भाऊसाहेब हसले, पण डोळे हसले नाहीत. "लई हुशार आहात. तुमची स्वतःची कुठली?"

"एक जून."

घोळक्यात हसू फुटलं. भाऊसाहेबांनाही बरं वाटलेलं दिसलं. "आणि खरी?"

"माहीत नाही."

"असं कसं? आमच्यावर कंस टाकता आणि स्वतःची माहीत नाही? आईला विचारायचं."

"ती आषाढात गेली," मी म्हणाले. मग, त्यांनी विचारलं नव्हतं तरी, "तिला माहीत होती. मी कधी विचारली नाही."

आमची माणसं दरसाल मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरत. मी त्या वाटेवर कुठंतरी झाले. आई होती, तिच्याबरोबरची एक म्हातारी होती, आणि मेंढरं. म्हातारी केव्हाच गेली होती. बी.एस्सी. झाले त्या वर्षी मी आईला सूर्य पृथ्वीपासून किती लांब आहे ते सांगितलं होतं. तिनं हातातली लोकर बाजूला ठेवून ऐकलं होतं. तिला माझ्याबद्दल जे एकटीला ठाऊक होतं, ते विचारायचं मला सुचलं नव्हतं.

कुंभोजकर सरांनी रुमाल काढला आणि ते फळ्याकडं सरले. "साहेब, मी पुसतो. सकाळीच पुसलं होतं—"

"तो कंस नका पुसू," भाऊसाहेब म्हणाले. "माझं नाव पुसा."

"साहेब?"

"बाईमाणसाच्या कंसाखाली बसायला मी काय रिकामा नाही. पुसा म्हटलं ना."

सरांनी स्वतःच्या वळणदार अक्षरावरून रुमाल फिरवला. भाऊसाहेबांनी माझ्या तबकातली कात्री उचलली, माझ्याकडं न बघता फीत कापली. टाळ्या झाल्या. ते आत गेले, माझ्या एकशे चौदा बाटल्यांसमोरून एक चक्कर मारली आणि जेवायला निघून गेले.

चारला शाळा सुटली. दुसऱ्या दिवसापासून दिवाळीची सुट्टी होती. मी प्रयोगशाळेच्या खिडक्या लावत होते, तर केराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, चौथ्याची जागा मोकळीच ऱ्हायली."

"हो."

"आकडा तसाच हाय. पुसायचा ऱ्हायला सरांचा."

मी बाहेर येऊन पाहिलं. सरांच्या वळणाचा चार, पुढं पूर्णविराम, आणि नंतर काही नाही.

"रिकामा आकडा बरा दिसत न्हाई," केराबाई म्हणाल्या. त्या दुसरीकडंच बघत होत्या. "माजं लिव्हा."

"केराबाई, तुमचा जन्म आजचा नाही."

"त्येंचा तर कुटं हुता?"

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. "पर खोटं नगं. कंसात लिव्हा, त्या बाईचं लिवलंय तसं. नोंद एक जूनची. माजी आई तिसरी माळ सांगायची, नवरात्रातली. साल तिलाबी म्हाईत नव्हतं."

"आणि तुम्ही काय केलंत ते? प्रत्येकाच्या नावापुढं आहे."

"व्हय की. पैल्या बाईच्या म्होरं इरेडियम हाय." त्यांनी थोडा विचार केला. भाऊसाहेबांची पुसलेली ओळ त्यांना पाठ होती. "त्येंनी शाळा काढली. मी रोज उगडली. एकोनीस वरसं. येक दिस चुकले न्हाई, नवरा गेला त्या दिशीबी कुलूप काढून मग गेले."

पावणेपाच झाले होते. सभा ऑफिसात, आणि सभासद याच व्हरांड्यातून जाणार. केराबाईंनाही ते ठाऊक होतं. त्यांनी एकदम पदर खोचला आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या बाई. आपलं बोलले. तुमचा ठराव हाय आज. माजं काय, मे अखेर गुर्जींच्या तारखंनं मी घरी जानारच हाय. तुमचं अजून सगळं व्हायचंय."

"स्टूल आणा," मी म्हणाले.

त्यांनी आणलं. खापरी सारली. मी चढले. या वेळी घाई केली नाही. ओळही सरळ आली. मी लिहिलं:

४. केराबाई ऐवळे, एकोणीस वर्षं रोज शाळा उघडली. (नोंद १ जूनची, त्यांची आई नवरात्राची तिसरी माळ सांगे.)

केराबाईंनी बोट लावून वाचलं. 'ऐवळे'पाशी थांबल्या, परत मागं आल्या आणि पुन्हा वाचलं. "माजं नाव ह्या शाळंत कुटंच लिवल्यालं न्हाई," त्या म्हणाल्या. "पगारपत्रकावर आंगठा मागत्यात. म्हनत्यात, सही येती तर काय झालं, रीत हाय."

सभासद आले. सहाजण होते. त्यांनी वाचलं आणि एकामागं एक ऑफिसात गेले. भाऊसाहेब शेवटी आले. त्यांनी ओळ कंसासकट वाचली. केराबाई तिथंच होत्या, हातात केरसुणी, पण झाडत नव्हत्या.

"केरा," भाऊसाहेब म्हणाले.

"काय, भाऊ?" केराबाई म्हणाल्या. माझ्या दोन वर्षांत भाऊसाहेबांना साहेब सोडून कुणी दुसरं म्हणताना मी ऐकलं नव्हतं, आणि केराबाईंना तर नाहीच.

भाऊसाहेब आत गेले.

तिसऱ्या क्रमांकाचा ठराव झाला नाही. सुट्टीत मला घरी पत्र आलं, चार ओळींचं: परिविक्षेचा काळ पुरा झाल्यावर संस्थेस आपल्या सेवेची आवश्यकता राहिलेली नाही. कारण लिहिलेलं नव्हतं. माइटनरसाठी मला क्षमा मिळाली असती असं मला वाटतं. तिची ओळ भाऊसाहेबांनी स्वतः राखली होती. पण थोरांच्या फळ्यावर, अध्यक्षांच्या जागी, पायरीवर बसणाऱ्या पोरीचं नाव, हे त्यांना पेललं नाही.

किल्ल्या द्यायला मी सुट्टीच्या शेवटच्या दिवशी गेले. फळा तसाच होता. चारही ओळी. फळा रोज संध्याकाळी पुसायचं काम केराबाईंचं. सभा संपल्यावर सरांनी त्यांना चौथी ओळ पुसायला सांगितली होती.

"मग?"

"म्या म्हनलं, चौथी कुटली, सर? मला वाचाया येत न्हाई." केराबाईंचा चेहरा सरळ होता. "त्ये म्हनले, मग सगळा पुसा. म्या म्हनलं, सुट्टीत फळा पुसायचा हुकूम न्हाई. सुट्टी तीन आठवडं. गावातनं निम्मी मानसं येऊन बघून गेली. पाटलाचा म्हातारा काठी टेकत आला. म्हनला, केरा, माजंबी लिवून घे, आमोशेचा हाय मी, मला एक जूनला उगाच म्हातारा केला."

मी प्रयोगशाळेच्या दाराला कुलूप लावलं, किल्ली त्यांच्या हातात दिली. त्या मला एसटीपर्यंत सोडायला आल्या. वाटेत फार बोलल्या नाहीत. गाडी आल्यावर म्हणाल्या, "जाताय तिथं स्टुलाचं बगून घ्या आधी."

पुढं मी तासगावकडच्या एका शाळेत तेहतीस वर्षं काढली आणि २०१९ साली मे महिन्याच्या एकतीस तारखेला निवृत्त झाले. त्या दिवशी आम्ही पाचजण होतो. पाचही एक जूनचे. एकाच हारवाल्याकडून पाच हार आले होते, पाचही एकाच मापाचे.

समारंभ झाल्यावर एक बाई भेटायला आली. पन्नाशीची, चष्मा, हातात जुनी वही. हसली तेव्हा ओळखलं. जयमाला कोरे. जतच्या बाजूला एका दवाखान्यात परिचारिका होती, प्रसूतीच्या विभागात.

"जन्माच्या नोंदी मीच लिहिते, बाई," ती म्हणाली. "मिनिटासकट. डॉक्टर हसतात मला."

तिनं वही उघडली. सात नोव्हेंबर. वर तीन ओळी सकाळच्या, पेन्सिलीनं, सकाळची चौथी पुसून तिच्या जागी नवी, पेनानं. सुट्टीत मुद्दाम शाळेत येऊन तिनं ती उतरवली होती, कंसासकट. "एकटी मीच नव्हते. आमच्या आख्ख्या वर्गानं उतरवली. फळ्यावर आहे तेवढंच लिही, असं तुम्हीच म्हणाला होतात."

केराबाईंच्या ओळीच्या खाली लाल शाईत सही होती. कुंभोजकर सरांची, वळणदार, तारखेसह. सुट्टीनंतर त्यांनी त्या वर्गाच्या सगळ्या वह्या तपासल्या होत्या, आणि सगळ्यांवर सही केली होती.

मी त्या सहीवरून बोट फिरवलं. जयमालानं पर्समधून पेन काढलं. "खाली जागा आहे, बाई. पाचवी ओळ मी लिहिते. नाव यमगरबाई, पुढं काय केलं ते मला माहीत आहे. नोंद एक जूनची." तिनं लिहिलं आणि थांबली. "आणि पुढं? त्या स्वतः मात्र?"

"काही लिहू नकोस," मी म्हणाले. "पण रिकामा कंस आखून ठेव."